सेन्सॉरने पास केलंय ना?

आमच्या आईला सिनेमाचं सर्टिफिकेट वाचायची सवय. थिएटर वंदना असो की मल्हार, पडद्यावर तो कागद आला की ती रिळं बघायची. ‘सोळा रिळं. म्हणजे सव्वासहाला सुटणार,’ असं पुटपुटून रात्रीच्या स्वयंपाकाचा हिशोब लावायची. कागदावर बाकी काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मलाही परवापरवापर्यंत नव्हतंच.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी ज्येष्ठ मंडळींसाठी सिनेमा असतो. खाली हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, मध्यंतरात बटाटेवडे. या वेळी कुणीतरी ‘अलीगढ’ सुचवला. नायक मराठीचा प्राध्यापक आहे, कविता लिहितो, म्हणून. ग्रुपवर दहा मिनिटं शांतता. मग एक मेसेज, ‘विषय जरा तसला आहे हं.’ त्यावर आमच्या सेक्रेटरी काकांनी एका ओळीत निकाल दिला: ‘सेन्सॉरने पास केलंय ना? मग प्रश्न मिटला.’

प्रश्न मिटला नाही. उलट तिथूनच सुरू झाला. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमावरच्या सिनेमाबाबत ‘पास’ या शब्दाला आपल्याकडे फार थोडा अर्थ उरतो. असे बरेचसे सिनेमे पास होतात. पण ‘पास झाला’ आणि ‘आपल्याला बघायला मिळाला’ यांच्यामध्ये बऱ्याच चाळण्या आहेत आणि त्यातली एकच सेन्सॉरच्या हातात असते. काकांना हे लिफ्टमध्ये सांगायला घेतलं, पण तिसरा मजला लगेच आला. म्हणून लिहून काढते.

मुळात सरकारदरबारी ‘सेन्सॉर’ उरलेलंच नाही. १९५२च्या चित्रपट कायद्याखाली चालणाऱ्या या मंडळाच्या नावातून १९८३ साली तो शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ आलं: केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. म्हणजे काम कापण्याचं नाही, हा सिनेमा कुणी बघावा एवढं सांगणारा शिक्का मारण्याचं. लोक अजून सेन्सॉरच म्हणतात आणि माझ्या मते लोकांचं काही चुकत नाही.

निर्माता अर्ज करतो. मंडळाचा एक अधिकारी आणि चार सल्लागार सदस्य मिळून सिनेमा बघतात, ही परीक्षण समिती. सल्लागार म्हणजे कुणी खास शिक्षण घेतलेले तज्ज्ञ असतात असं नाही. समाजाच्या वेगवेगळ्या थरांतली, केंद्र सरकारने नेमलेली माणसं असतात. सिनेमा संपला की प्रत्येक जण आपलं मत लिहून देतो. सगळ्यांनी बघावा असा असेल तर ‘यू’, मुलांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघावा तर ‘यूए’, फक्त प्रौढांसाठी असेल तर ‘ए’. डॉक्टरांसारख्या खास प्रेक्षकांसाठी एक ‘एस’ही आहे, पण तुम्हीआम्ही थिएटरात बसून तो बघितलेला असणं कठीण. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग झाले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी.

निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, तिथे जास्त माणसं बसतात. तिथेही नाही पटलं तर पूर्वी दिल्लीला एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१च्या एप्रिलमध्ये मोडीत निघालं. आता थेट हायकोर्ट. मोठ्या बॅनरला हे परवडतं. घरचे दागिने गहाण टाकून पहिला सिनेमा करणाऱ्याला वकिलाची पहिली फी ऐकूनच घाम फुटतो. अशा विषयांवरचे सिनेमे बहुतेक वेळा अशी छोटी माणसंच करतात, म्हणून न्यायाधिकरण जाण्याचा फटका त्यांना जास्त बसला.

आता ‘कापा’ हे कसं घडतं ते बघा. कागदोपत्री कुणी जबरदस्ती करत नाही. समिती म्हणते, अमुक तीन ठिकाणी कमी केलंत तर ‘यूए’ देतो, नाहीतर ‘ए’. निर्माता हिशोब करतो आणि ‘स्वखुशीने’ कापतो. भाजीवालीशी घासाघीस करताना जेवढी खुशी असते तेवढीच ही.

हिशोब कसला? टीव्हीचा. ‘ए’ सर्टिफिकेटचा सिनेमा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. आधी कापून, पुन्हा प्रमाणपत्र घेऊन तो खालच्या वर्गात आणावा लागतो. छोट्या सिनेमाच्या बजेटमध्ये टीव्हीचे हक्क विकून येणारा पैसा म्हणजे घराला लागलेला टेकू. ‘ए’ मिळालं की तो निघाला. शिवाय अठराच्या खालचं कुणी थिएटरात येणार नाही, म्हणजे सहकुटुंब येणारेही गेले. तेव्हा ‘ए’ म्हणजे बंदी नव्हे हे खरं, पण निर्मात्याला ते दंडासारखंच लागतं.

समलिंगी नात्याला हा दंड कशाच्या आधारे बसतो? कायद्यात ‘समलिंगी’ असा शब्दच नाही. कलम ५ब मध्ये देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी असे शब्द आहेत. ते बहुतेक राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातून आलेले, जिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादा लिहिल्या आहेत. खरी मेख त्या कायद्याखाली डिसेंबर १९९१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यातली एक अशी, की लैंगिक विकृती दाखवणारी दृश्यं टाळावीत, आणि विषयासाठी ती आवश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत, तपशील दाखवू नये.

विकृती म्हणजे नेमकं काय, हे सूचनेत कुठेच सांगितलेलं नाही. १९९१ साली ते सांगायची गरज कुणाला वाटली नसावी. तेव्हा दंडसंहितेचं ३७७ कलम जिवंत होतं आणि अशा संबंधांना ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हणत होतं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ते कलम या बाबतीत खाली उतरवलं, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये परत वर चढवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून कायमचं मोकळं केलं. त्या निकालानंतर ‘विकृती’च्या रकान्यात समलिंगी प्रेम बसवणं कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे. पण माणसाच्या डोक्यातला रकाना राजपत्रात सूचना छापून येते म्हणून बदलत नाही. अंधाऱ्या खोलीत पाच जण बसतात तेव्हा एखादं चुंबन ‘तपशील’ ठरतं की ‘प्रेम’, ते त्या पाचांवर असतं. त्याच सूचनांत आणखीही एक गोष्ट लिहिली आहे, की सिनेमा सुटासुटा न पाहता संपूर्ण परिणामाच्या अंगाने पाहावा, आणि आजच्या काळाच्या मापाने पाहावा. ही सूचना मला फार आवडते. तिच्यावर बोट ठेवून कुणी भांडलं तर बरंच काही होऊ शकतं.

तुम्हाला वाटेल, म्हणजे जुन्या काळी सगळं नाकारत असतील आणि हळूहळू सैल झालं असेल. तसं नाही. दीपा मेहतांचा ‘फायर’ १९९८ साली आपल्याकडे लागला तेव्हा ३७७ पूर्ण ताकदीत होतं. दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात अशी गोष्ट. मंडळाने तो ‘ए’ देऊन, एकही दृश्य न कापता पास केला. हिंदी आवृत्तीत एका नायिकेचं ‘सीता’ हे नाव बदलून ‘नीता’ करण्यात आलं, एवढाच बदल. शबाना आझमी, नंदिता दास, ए. आर. रहमानचं संगीत. थिएटरं भरत होती.

मग २ डिसेंबरला गोरेगावच्या थिएटरात शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या घुसल्या, काचा फुटल्या, खेळ बंद पडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीत तेच. राज्यात तेव्हा युतीचं सरकार होतं आणि मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी निदर्शकांची बाजू घेतली. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही चौघी मैत्रिणींनी घरी ‘प्रॅक्टिकल आहे’ सांगून रविवारी जायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. दिलीपकुमार, महेश भट्ट, जावेद अख्तर वगैरे मंडळी सुप्रीम कोर्टात गेली. केंद्राने सिनेमा पुन्हा मंडळाकडे तपासायला पाठवला. मंडळाने तो पुन्हा बघितला आणि १९९९च्या फेब्रुवारीत पुन्हा न कापता पास केला! सेन्सॉरवर आपण उठताबसता तोंडसुख घेतो, त्या सेन्सॉरने इथे दोनदा शहाणपणा दाखवला होता. सिनेमा अडला तो तिकीट खिडकीवर.

काकांच्या प्रश्नाचा घोळ इथे कळतो. प्रमाणपत्र देतं केंद्राचं मंडळ. थिएटरचा परवाना, पोलीस, बंदोबस्त हे सगळं राज्याकडे. एकाने ‘दाखवा’ म्हटलं तरी दुसऱ्याने खांदे उडवले की संपलं. खरं तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच एका तमिळ सिनेमाच्या खटल्यात बजावलं होतं, की लोक दंगा करतील ही भीती सिनेमा रोखायचं कारण होऊ शकत नाही. पास झालेल्या सिनेमाला संरक्षण देणं हे सरकारचं कामच आहे. निकाल आहे. पण काच फुटण्याच्या आदल्या रात्री थिएटरवाला निकाल वाचत नाही, विम्याचे कागद बघतो. आणि दुसऱ्या दिवशी दुसराच सिनेमा लावतो.

२०१५-१६ कडे या. माणसांच्या हातात स्मार्टफोन आलेत. राज अमित कुमार यांच्या ‘अनफ्रीडम’ला प्रमाणपत्र नाकारलं गेलं, न्यायाधिकरणानेही हात वर केले. दोन मुलींचं प्रेम आणि धार्मिक दहशतवाद असा दुहेरी विषय होता. त्याच सुमारास ‘का बॉडीस्केप्स’ या मल्याळम सिनेमाला नकार आला, केरळ हायकोर्टापर्यंत गोष्ट गेली. त्याही आधी श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. म्हणजे ‘फायर’ला जे सतरा वर्षांपूर्वी मिळालं होतं, ते यांना नाही. कायदा तोच, सूचना त्याच. बदलली ती खुर्चीवरची माणसं आणि बाहेरची हवा. अध्यक्ष आणि सदस्य नेमतं सरकार, हे लक्षात ठेवलं की या लंबकाचं फार आश्चर्य वाटत नाही.

आणि ‘अलीगढ’? हंसल मेहतांचा, मनोज बाजपेयींचा. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. २०१०च्या फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, आतलं चित्रण केलं आणि विद्यापीठाने निलंबित केलं कुणाला, तर त्यांनाच. अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला त्यांच्या बाजूने आदेश दिला. आठवडाभरात ते राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. सिनेमा २०१६च्या फेब्रुवारीत आला. पास होऊनच आला, काका.

मात्र त्याच्या ट्रेलरला ‘ए’ मिळालं. ट्रेलरचं प्रमाणपत्र वेगळं असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘ए’ ट्रेलर टीव्हीवर जात नाही आणि ‘यू’, ‘यूए’ सिनेमांच्या आधीही लावता येत नाही. त्या ट्रेलरमध्ये होतं तरी काय? एक एकटा म्हातारा होत चाललेला माणूस, गाणी ऐकणारा, आणि त्याची कोर्टातली केस. नग्नता नाही, मारामारी नाही. विषयच तेवढा. अर्थ एवढाच, की सिनेमा पास, पण तो आलाय ही बातमी प्रौढांनी प्रौढांच्या कानात सांगायची. मला विचाराल तर कात्रीपेक्षा हे वाईट. कात्री चालली तर पेपरात बोंब होते, वाद होतो, चार माणसं जास्त जातात. ट्रेलर दिसलाच नाही याची बातमी कोण छापणार?

आता जरा गंमत बघा. एकच गोष्ट समजा चार कपड्यांत बाहेर पडली. कादंबरी म्हणून आली तर कुणाची परवानगी लागत नाही. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये मराठीत आली, एका भाऊबहिणीचा एकाच माणसावर जीव जडतो अशी, आणि दुकानात सरळ विकली गेली. नाटक म्हणून आली तर महाराष्ट्रात आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये या दारातून गेलं आणि रोहिणी हट्टंगडींनी त्यातली मित्रा, एका मुलीवर जीव जडलेली मुलगी, रंगमंचावर उभी केली. त्यानंतर वर्षभरात जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोघींचं नातं आलं, ते सिनेमाच्या दारातून. मराठी प्रेक्षकाला हा विषय परका आहे असं सांगणाऱ्याने एकदा तारखा तपासाव्यात. चौथं दार ओटीटीचं. तिथे प्रमाणन मंडळ नाहीच. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने स्वतःच वयाचा शिक्का लावायचा, तक्रार आली तर आधी स्वतः, मग कंपन्यांची संस्था, शेवटी सरकार. ‘कोबाल्ट ब्लू’चा सिनेमा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला तो याच दाराने. ‘अनफ्रीडम’, ‘गुलाबी आईना’ यांनाही शेवटी तिथेच घर मिळालं.

सिनेमालाच आधी तपासायचं, पुस्तकाला नाही, असं का? हाच प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी सुप्रीम कोर्टात नेला होता. त्यांच्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती आणि त्यांना ‘यू’ हवं होतं. कोर्टाने १९७० मध्ये सांगितलं, की सिनेमा माणसाच्या भावना इतर कलांपेक्षा जास्त हलवतो, म्हणून आधी तपासणं घटनेत बसतं. तेव्हा हलणारं चित्र बघायला थिएटरला जावं लागायचं. आता ते आमच्या कामवाल्या मावशींच्या फोनमध्येही आहे.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात. अमेरिकेत सरकारने नव्हे, स्टुडिओंनीच १९३०च्या सुमारास एक आचारसंहिता लिहून घेतली होती. १९३४ पासून ती कडक पाळली गेली आणि त्यात ‘लैंगिक विकृती’चा नुसता सूचक उल्लेखही बाद होता. आपल्या १९९१च्या सूचनेतला शब्द कोणाच्या गोत्रातला आहे ते कळतं. ती संहिता १९६८ मध्ये गेली. केनियाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. २०१८ मध्ये ‘रफीकी’ हा दोन मुलींच्या प्रेमाचा सिनेमा फ्रान्सच्या ‘कान’ महोत्सवाला निवडला गेलेला केनियाचा पहिला सिनेमा ठरला आणि घरी त्यावर बंदी आली. दिग्दर्शिका वनुरी कहियू यांनी सांगितलं, की मंडळाला शेवट बदलून हवा होता, तो फार आशादायक होता म्हणून. दोघी रडत वेगळ्या झाल्या असत्या तर चाललं असतं! पुढे कोर्टाने बंदी उठवली, अवघ्या सात दिवसांसाठी, ऑस्करला पाठवता यावा एवढ्यापुरती.

मराठीतही बरंच घडतंय. रोहन कानवडे यांचा दोन पुरुषांच्या प्रेमावरचा ‘साबर बोंडं’ २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे थिएटरांत लागला. आणि दर वर्षी मुंबईत अशाच सिनेमांचा ‘कशिश’ महोत्सव भरतो, २०१० पासून. महोत्सवांना प्रमाणपत्राऐवजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, म्हणून तिथे न कापलेलं बघायला मिळतं. एकदा मी ठाण्याहून दुपारची स्लो पकडून गेले होते. शेजारी एक बाई बसल्या होत्या, नऊवारी, डबा घेऊन आलेल्या. मुलगा पडद्यावर होता त्यांचा. त्यांनी मला गुळाची पोळी दिली.

असो. सोसायटीचं काय झालं? सेक्रेटरी काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे पास आहे.’ मग त्यांनाच एक वेगळी शंका आली, की ओटीटीचं घरचं अकाउंट प्रोजेक्टरला जोडून हॉलमध्ये पन्नास जणांना दाखवलं तर चालतं का? मुद्दा बरोबर होता. सेन्सॉरशी त्याचा संबंध नाही, हक्कांशी आहे. घरचं सभासदत्व घरापुरतं, हॉलसाठी हक्कदाराची वेगळी परवानगी लागते. इतके महिने आम्ही बिनधास्त विनोदी सिनेमे दाखवत होतो तेव्हा कुणाला ही शंका आली नव्हती, हे मी बोलून दाखवलं नाही. काका वयाने मोठे आहेत.

शेवटी आमच्याच घरी बघितला. आई, शेजारच्या जोशीकाकू, वरच्या मजल्यावरचे दोघे आणि दहावीतली माझी भाची, जिला तो ट्रेलर थिएटरात कधीच दिसला नसता. सुरुवातीला आईने सवयीने विचारलं, ‘किती रिळं?’ मी म्हटलं, ‘आई, आता रिळं नसतात, मिनिटं असतात.’ ‘बरं,’ म्हणून ती गप्प बसली. मधे एकदा तिने जोशीकाकूंना ‘आवाज वाढवायला सांग’ म्हणून खुणावलं, बास.

सिनेमा संपल्यावर तिने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, ‘त्या सिरससरांचा कवितासंग्रह होता ना गं? नाव काय?’

‘पायाखालची हिरवळ.’

‘ग्रंथसंग्रहालयात बघून ये. शनिवारी बदलायला जाशीलच ना पुस्तक.’